बाजूला ठेवलेलं सीताफळ

बाजारात सीताफळांची प्रतवारी आता यंत्रहात करायचा. पण तो रोज एक पिकून तडकलेलं फळ कुठल्याच क्रेटमध्ये न टाकता बाजूला ठेवायचा.

"आवक निम्मी, भाव चढलेला, आणि याची ही खोड! उद्या ती खोड काढायलाच लावतो," आडतदार बोरावके म्हणाले. "शालन, तुझ्या अण्णांचे हात बघूनच शिकलाय ना हा? ते कशाला ठेवायचे?"

अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते. शालनने त्या फळाच्या तडकलेल्या सालीवर बोट फिरवलं.

"जास्त गोड झालं की तडकतं, काका. भाव मिळत नाही. अण्णा ते माझ्यासाठी घरी आणायचे."

बोरावक्यांनी ते फळ उचलून शालनच्या हातात दिलं.

"मग रोज येऊन घेऊन जा," ते म्हणाले. "माशा बसतात."