बोटीची तयारी

एकोणीसशे बावीस साली आम्ही आफ्रिकेहून सोलापूरला परतलो, तेव्हा समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त म्हणून यज्ञेश्वरशास्त्र्यांनी आम्हाला ओसरीवर बसवून पंचगव्य पाजलं. शेण, गोमूत्र, सगळं. बघायला अख्खी गल्ली. माझा तीन वर्षांचा माधू ओकला, तर शास्त्री म्हणाले, "ओकलेलं धरत नाहीत. पुन्हा द्या."

काल तेच शास्त्री माझ्या दारात उभे. त्यांच्या मुलाला आफ्रिकेत, मोंबासाला नोकरी लागलीय, आणि आता सुनेला नि दोन लहान नातवंडांना तिकडं न्यायचंय.

"गोदावरीबाई, पोरांसाठी बोटीवर काय काय घ्यावं? तुम्हाला ठाऊक आहे की सगळं."

मी पाट मांडला आणि नीट सांगितलं. खायला दशम्या नि शेंगाचटणी. पोट ढवळलं तर आवळासुपारी. डेकवर धाकट्याच्या कमरेला उपरणं बांधून टोक आपल्या हातात ठेवायचं.

"सोबत कोण जातंय?" मी विचारलं.

"मीच. बाईमाणूस, दोन कच्चीबच्ची, एकटं कसं धाडू? पोचवून लगेच परत येतो."

समाधानानं ते उठले. पायरी उतरत होते, तेवढ्यात मी हाक मारली.

 

"शास्त्रीबुवा, परत आलात की पंचगव्यासाठी गाय शोधत हिंडू नका, आमची कपिला आहे. आणि ओकलात तर पुन्हा देऊ की!"