दहा लाखांत एक

अपेक्षित फेऱ्या : १०,००,०००
नवे तिन्ही बोर्ड : १०,००,०००. पास.
जुना बोर्ड : ९,९९,९९९. नापास.

“वैदेही, प्रोग्रॅमच्या फेऱ्या मोजणारं आपलं टूल आज ग्राहकाकडे जातंय. त्या म्हाताऱ्या सर्किट-बोर्डाची टेस्ट काढून टाक,” टीमलीड कारखानीस म्हणाले.

“सर, दहादा चालवली. दरवेळी बरोब्बर एकच कमी. बिघडलेली चिप इतकी शिस्तीत चुकते?”

तिने स्वतःचाच चाचणी-प्रोग्रॅम उघडला. मोजणी तिने शून्याऐवजी एकपासून सुरू केली होती आणि ती ९,९९,९९९ ला थांबत होती. फेऱ्या खरंच एक कमी होत्या. जुन्या बोर्डावर टूल आकडा जसाच्या तसा देत होतं; नव्या बोर्डांवर तो परस्पर गोल करून सांगत होतं.

कारखानीस जुन्या बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपकडे वाकून बघत राहिले. “दहा लाखांत एक... आणि हिनं सोडला नाही?”

मग त्यांनी ग्राहकाला फोन लावला. “आज टूल मिळणार नाही. चूक आमची आहे.”