मास्टरची जागा

“पुन्हा दिवस गेले की काय?” मालकांनी चहाच्या कपावरून मान वर न करताच विचारलं.

कटिंग करणारी बाई दारातच उभी राहिली. त्या केबिनमध्ये कामगाराला बस म्हणायची पद्धत नव्हती. शिवणकामाचा कारखाना चिमूटभर, पण मालकांचा तोरा गिरणीएवढा.

“नाही,” ती म्हणाली. “कटिंग मास्टरच्या जागेचं सांगायचं होतं.”

मालक हसले. त्या जागेवर त्यांचा मेहुणा होता. त्याला कात्री धरता येत नव्हती, खुर्ची मात्र घट्ट धरता यायची. आखणी ती करायची, कापड ती वाचवायची आणि तिच्या दुप्पट पगार तो उचलायचा. तिनं विषय काढला की मालकांचं उत्तर ठरलेलं असे: “तुम्हा बायकांचा काय भरवसा? आज मास्टर करायचं, उद्या पाळणा.” दोन्ही बाळंतपणांनंतर त्यांनी तिला परत घेतलं होतं, पण नव्या पोरीच्या पगारावर. वर हे उपकार ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

“मी ऑपरेशन करून घेतलंय,” ती म्हणाली. “आधी त्यासाठी कामावर खाडा करून लांब जावं लागायचं. आता कोपऱ्यावरच दवाखाना झालाय. पाळण्याचा प्रश्न मिटला.”

आता मालकांनी मान वर केली. जुनं मशीन फुकटात दुरुस्त होऊन यावं, तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

“झकास. म्हणजे रजा बंद. आणि खाणारी तोंडंही वाढायची नाहीत. मग जास्त पगार घेऊन करणार काय तू?”

इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मिशीला साय लागली होती. याला आपण भीत होतो? तिला आधी स्वतःची लाज वाटली, मग हसू आलं. खुर्ची ओढून ती बसली.

“तुमचा पगार नकोच मला. मागच्या गल्लीतल्या कारखान्यात मास्टर म्हणून लागतेय, उद्यापासून.”

कप बशीवर आपटला. “एवढी वर्षं इमानानं राहिलीस, आणि आज हे?”

“ते लोक दर वर्षी बोलवायचे, मालक. पण नव्या जागी पाऊल टाकलं आणि दिवस राहिले, तर कोण ठेवून घेणार, या धास्तीनं मी इथं पडून होते. तुम्ही त्यालाच इमान समजलात.”