सात नंबरची नळी

लेबलवर लिहिलं होतं: नळी ७. नाळ. मुलगी.

आणि तरीही सातव्या रकान्यात वाय गुणसूत्राची रेघ उमटली होती. ठसठशीत.

सातोएने गुणसूत्र-तपासणीचा कागद उजेडाकडे धरला. प्रयोगशाळेत ही तपासणी प्रथमच झाली होती. बारा नळ्या, बारा बाळांच्या नाळेतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी. सहा मुलगे, सहा मुली. मुलींच्या पेशींत ही रेघ येतच नाही.

"अदलाबदल झालीय," सहकारी तेरागाकी म्हणाले. "कुणीतरी धांदरट. लेबल कुणाच्या हातचं?"

"माझ्या."

"मग सापडला की चोर!" ते हसले. ती हसली नाही.

सात नंबर सगळ्यांची लाडकी नळी. थेंबभर इस्ट्रोजेन टाकलं की या पेशींचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, ते अलगद झेलत, आणि रक्तवाहिनी सैलावणारा वायू इतरांच्या दीडपट सोडत. पाहुण्यांना दाखवायची ती सातच. ती नाळ कुणाची, हे एकट्या सातोएला ठाऊक होतं. बाळंतिणीच्या खाटेवरून तिनेच ते लेबल लिहून धाडलं होतं.

कोतोहा. तिची लेक. आता पंधरा वर्षांची.

अदलाबदलच. दुसरं काय असणार?

त्या संध्याकाळी तिने घरी फडताळातून किरी झाडाच्या हलक्या लाकडाची डबी काढली. आत कोतोहाच्या बेंबीवरून गळून पडलेला नाळेचा वाळका तुकडा. जपानात घरोघरी आया जपतात, तसा तिने जपलेला. स्वतः उचलून ठेवलेला. इथे कुणाचा धांदरटपणा पोचणार नव्हता.

"सातोए, ही लाल चवळी टाकून दे बाई," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नातीला पाळी आली की लाल भात रांधीन म्हणून आणली. दोन वर्षं झाली. आता किडे तेवढे जेवतील."

"आजी! शेजाऱ्यांनाही सांगून ये ना!" आतून कोतोहा ओरडली.

"त्यांनीच तर विचारलं!"

सातोएने डबी छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तीच तपासणी.

तीच रेघ.

ती खुर्चीवर बसली. दर वर्षी विद्यार्थ्यांना ती स्वतःच शिकवायची: हजारोंत एखादी अशी असते. गुणसूत्र पुरुषाचं, संप्रेरकही पुरुषाचं. पण ते झेलणारे ग्राही निकामी. मग त्याच संप्रेरकातून शरीर इस्ट्रोजेन बनवतं. इस्ट्रोजेनचे ग्राही शाबूत असतात. पोर वयात येते, बाईसारखीच. फक्त गर्भाशय नसतं. पाळी कधीच येत नाही.

कधीच. फळ्यावर हा शब्द ती अधोरेखित करायची.

सातची नळी पंधरा वर्षं तिच्या हाताशी होती. गुणसूत्र तपासावं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

"काय मग?" तेरागाकी पेन घेऊन आले. "सातवर 'मुलगा' लिहून टाकू?"

आणि त्यांना टेबलावरची लाकडी डबी दिसली. त्यांच्या आईनेही अशीच एक ठेवली होती. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग नळीकडे, मग तिच्याकडे. पेनाचं टोपण हातातून निसटून घरंगळत गेलं. कुणी उचललं नाही.

सातोएने नळीवर तळवा ठेवला. बर्फगार होती.

"लेबलला हात लावू नका, तेरागाकीसान," ती म्हणाली. "तेवढंच बरोबर आहे."