जमीन वगळून

पडद्यावर शून्य उमटलं.

उत्तराने आज्ञा पुन्हा टाइप केली. बंगालचा उपसागर, मंगळवारनंतरच्या नोंदी, आनंदच्या जहाजाची खूण. मागे यंत्रावर नोंदींची फीत फिरली, थांबली. हिरव्या आकड्यात पुन्हा शून्य.

मंगळवारी वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. तिचा धाकटा भाऊ आनंद त्या भागात मासळीची पाहणी करणाऱ्या जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. रोज सकाळी पाण्याचं तापमान आणि जहाजाचा ठिकाणा हवामान खात्याला कळवायचं काम त्याचंच. मग कंपनीची तार आली. वादळानंतर कंपनीकडे जहाजाचा संदेश नाही.

नागपुरातल्या या गार खोलीत उत्तरा उपग्रहाने टिपलेलं समुद्राचं तापमान जहाजांच्या नोंदींशी ताडून पाहायची आणि नकाशे छापायची. आठवडाभर ती हवामान खात्याकडून येणाऱ्या या फितीची वाट पाहत होती, आणि ती येऊ नये असंही तिला वाटत होतं. आज सकाळच्या गाडीने फीत आली. आई हट्टाने सोबत आली, आणि दाराबाहेर, चपला काढायच्या जागेजवळ बाकावर बसली.

"तुही मशीन वरून समुद्र पाह्यते ना वं? मंग आपल्या आनंदले पाह्य," एवढंच ती म्हणाली होती.

फिती चढवणारे रुपराव पडद्यापाशी वाकले. एरवी त्यांचं तोंड बंद नसायचं.

"समुद्रात तर नाही दिसून राहिला, ताई," ते हळूच म्हणाले.

उत्तराने दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेतून आईचं डोकं दिसत होतं. पांढरा पदर, जरासुद्धा न हलणारा. बाहेर जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. एकही पूर्ण होईना.

आज्ञा पडद्यावर तशीच होती. तिच्या शेवटी उत्तराने स्वतः घातलेली अट होती : जमिनीवरच्या नोंदी वगळा. जहाज जमिनीवर दिसलं, तर आकडाच चुकलेला असणार. ती अट घातली त्या दिवशी रुपराव खूश झाले होते. "बेस केलं, ताई. नाही तं एखादं जहाज सीताबर्डीच्या बाजारात उभं राहीन!"

तिने अटीवर बोट ठेवलं, आणि ते तिथेच थांबलं. अट काढूनही शून्यच आलं, तर या यंत्राला विचारायला काही उरणार नव्हतं.

तिने एकेक अक्षर पुसलं. कळ दाबली. फीत फिरत राहिली. रुपरावांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

एक.

बुधवार, सकाळ. पाण्याचं तापमान. ठिकाणा : किनाऱ्याच्या आत, गोदावरीच्या मुखाजवळ. यंत्राच्या नकाशात किनारा मोठ्या चौकोनांचा होता. त्या चौकोनांपुढे नदीचं पात्र अगदीच अरुंद. यंत्र त्याला जमीनच समजत होतं. जहाज आडोशाला नदीत शिरलं होतं. आणि वादळ उलटल्यावर कोणीतरी नेमाने पाण्याचं तापमान मोजून कळवलं होतं.

उत्तरा अनवाणीच दाराबाहेर धावली.

"दिसला काय वं समुद्रात?" आईने विचारलं.

"नाही आई," उत्तरा रडत, हसत म्हणाली. "समुद्रात नाही!"