बदकीण परत येते

"युसरा! बाईंनी बदकिणीचं पुस्तक पाठवलंय. अल्लाशप्पथ, अख्खं! आणि फुकट!"

धाकटी हानिया आईचा फोन घेऊन धापा टाकत गच्चीवर आली. पावाचे गोळे उन्हात फुगायला मांडत बसलेली युसरा पिठाच्या हातांनीच उठली.

"आण इकडे. मी वाचून दाखवते."

"काही नको. मला येतं आता."

येत होतं, तीच तर पंचाईत होती. शाळेत त्या पुस्तकाची एकच प्रत. ती हजेरीच्या क्रमानं घरोघर फिरायची, आणि युसराचं नाव अरबी मुळाक्षरांत अगदी शेवटच्या अक्षराचं. तिच्यापर्यंत पुस्तक आलं तेव्हा शेवटची पानं कुणाच्या तरी शेळीनं खाल्लेली. नवं घेऊ या म्हटलं, तर आई म्हणाली, "का, तुलाही खायचंय?"

मग युसरानं शेवट स्वतःच रचला आणि कोऱ्या चेहऱ्यानं हानियाला 'वाचून' दाखवला. रानबदकांबरोबर उडून गेलेली बदकीण थंडी पडताच पिल्लांसकट घरच्या गच्चीवर उतरते. हानियाला तो इतका आवडला, की वर्षभर तो ऐकल्याशिवाय ती झोपली नाही.

आता ती भिंतीला टेकून, बोट फिरवत, एकेक शब्द मोठ्यानं वाचत होती. युसरा गोळे मांडत राहिली. एक वेडावाकडा पडला, तो तिला दिसलाही नाही. खालून आईनं हाक मारली. हानियाचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.

हानिया शेवटच्या ओळीवर थांबली. तीच ओळ तिनं पुन्हा वाचली.

"'मुलगी रोज आभाळाकडे बघायची. बदकीण परत आली नाही.'"

युसराला वाटलं, संपलं. आता ही आपल्याला खोटारडी म्हणणार, आणि पुन्हा कधी आपली गोष्ट ऐकायची नाही. तिला रडूच यायला लागलं.

हानियानं कपाळाला आठ्या घातल्या. फोन उलटासुलटा करून पाहिला. मग तो ताईच्या पुढ्यात धरला.

"शी! कुणीतरी चुकीचं लिहिलंय. फोनमधलं पुसता येतं ना? मग हे पूस, आणि खरं काय झालं ते लिही."