ॲडव्हर्बचा तास

अर्जुन फळ्यापासून दारापर्यंत रमतगमत चालत गेला. "हाऊ डिड ही वॉक?" भारतीबाईंनी वर्गाला विचारलं. हूं नाही की चूं नाही.

मागच्या बाकावर तपासणीचे साहेब वही उघडून बसले होते. भारतीबाईंची नेमणूक त्यांच्या शेऱ्यावर अडली होती. शेरा चांगला पडला तर मोखाड्याजवळच्या या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचं, नाहीतर पुन्हा भिवंडीच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावत बसायचं. पोशेऱ्याच्या पाड्यावरची ही पहिली बी.ए. झालेली मुलगी. तिला ते गोदाम डोळ्यांसमोरसुद्धा नको होतं.

बाईंनी अर्जुनला पळवलं. मग काठोकाठ भरलेला तांब्या हातात देऊन, थेंब न सांडता चालायला लावलं. चालणं तेच, पण कसं चालला ते सांगणारा शब्द म्हणजे ॲडव्हर्ब, असं त्यांनी तिसऱ्यांदा समजावलं. स्लोली, क्विकली, केअरफुली. काल हेच शब्द पोरांनी छपराचे पत्रे उडतील एवढ्या जोरात म्हटले होते. आज सदतीस तोंडांना कुलूप. जी गोदी एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देते, तीही खाली मान घालून बसलेली. जीव लावलेल्या पोरांनी ऐन वेळी असं तोंडघशी पाडावं, याचं बाईंना फार वाईट वाटलं.

घंटा झाली. बाई डोळे पुसत बाहेर गेल्या. साहेबांनी 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद शून्य' असं लिहिलं आणि उठता उठता गोदीला सहज विचारलं, की यातलं तुला काही कळलं का.

गोदीने आधी बाई लांब गेल्याची खात्री केली. मग जी सुटली ती थांबेना. अर्जुन आधी स्लोली चालला, मग क्विकली, तांब्या घेऊन केअरफुली. क्रियापदाला 'कसं' विचारलं की हे सापडतात. 'कधी' विचारलं तर टुडे, 'कुठे' विचारलं तर हिअर. तोवर बाकीची पोरंही साहेबांभोवती गोळा झाली आणि आपापली वाक्यं ऐकवायला लागली. साहेबांनी लिहिलेला शेरा तिथल्या तिथे खोडला.

"अरे, मग बाई विचारत होत्या तेव्हा गप्प का बसलात?"

एवढ्या मोठ्या साहेबांना एवढंही कळू नये, याचं गोदीला नवल वाटलं.

"आज बाईंची परीक्षा हाय ना, साहेब. परीक्षेत दुसऱ्याला उत्तर सांगायचा नाय."